पाण्याअलीकडे एकवीस दिवस

बेटावरच्या मानवी संस्कृतीचा इतिहास हा मुळात शेळीचा इतिहास आहे. आधी शेळी उतरते, झुडपं खाते, वाट पाडते, जमिनीला कस देते. मग त्या वाटेने मागाहून माणूस चालत येतो.

ही वाक्यं मी लिहिली, पण वाचली आमच्या साहेबांनी. टेंबावर सरकारी शेळ्यांच्या वाटपाचा कार्यक्रम होता आणि भाषण लिहून देणं हे माझ्या कामात धरलेलंच असे. साहेब 'मागाहून माणूस चालत येतो'पर्यंत पोचले, तेव्हा दुसऱ्या रांगेतून हौसाक्का मोठ्यांदा म्हणाली, "शेळी आदी कशी उतरंल? तिला पवायला येतंय व्हय? मीच न्हेलो की पयली शेळी, काखंत घालून." माणसं हसली. साहेबही हसले. माझा सिद्धांत तिथेच संपला, आणि तो खोटा होता हे सांगणारी बाई त्या दिवशी आणखी एका बाबतीत खरी होती. ते कळायला आम्हांला सहा दिवस लागले.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टरांची पिशवी उचलून त्यांच्या आधी पोचणारा आणि त्यांच्यानंतर निघणारा माणूस. पण ज्याच्या हातात सुई असते त्याला आमच्याकडे 'डाक्टर'च म्हणतात आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

टेंब राधानगरीच्या अंगाला, एका धरणाच्या फुगवट्यात आहे. धरण झालं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं. ज्यांचं बुडालं त्यांना दुसरीकडे जमिनी मिळाल्या, निदान मिळतील असे कागद मिळाले. टेकडीवरची सात घरं मात्र बुडीत रेषेच्या वर राहिली. सरकारच्या दृष्टीने त्यांचं काहीच गेलं नव्हतं, फक्त चारी बाजूंनी गाव गेलं होतं. त्या जागेला 'बेट' आमचं कार्यालय म्हणायचं. तिथली माणसं टेंबच म्हणत राहिली, कारण पाणी नंतर आलेलं.

"बुडालो न्हाय, ह्यो आमचा गुन्हा," हौसाक्का म्हणायची. हे ती इतक्या सहज म्हणायची की ऐकणारा आधी मान डोलवायचा आणि अर्थ त्याच्यापर्यंत नंतर पोचायचा.

ये-जा काहिलीतून चाले. काहील म्हणजे गुऱ्हाळात रस कढवायची लोखंडी परात, चार माणसं बसतील एवढी मोठी. कुठलं तरी गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा ती टेंबावर आली. तिला नाक नाही आणि शेपूट नाही, त्यामुळे ती पुढे जाण्यापेक्षा गोल फिरायला अधिक राजी असते. पहिल्यांदा मी तिच्यातून गेलो तेव्हा टेंब मला चारी दिशांनी दिसलं. काठावर साठीची, काटक, कमरेला कोयती अडकवलेली बाई उभी होती. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पावणं, आज कंच्या कंच्या गोठ्यातनं आलासा?"

मी तीन गावांची नावं सांगितली. कामसू माणूस आहे हे तिला कळावं असाही त्यात हेतू होता.

"मग ततंच थांबा. बूट काढा."

तिने चुन्याच्या पाण्याची बादली पुढे ढकलली. मी म्हणालो, "अहो, मी सरकारी माणूस आहे. लस द्यायला आलोय."

"तुमची सुई चांगली असंल की. पर पाय कुनाकुनाच्या दारातनं आल्यात, ते सुईला काय म्हाईत?"

मी पाय धुतले. हातही धुतले. शर्टाच्या बाह्यांकडे तिने बराच वेळ पाहिलं, पण तेवढ्यावर सोडलं.

हौसाक्का कांबळे. तिच्या बापाने आपल्या घरासह धम्म घेतला होता. बुद्धाची तसबीर तिच्या सोप्यात होती आणि तिच्याखाली शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या टांगलेल्या असत. लग्न झालं होतं, नवरा लवकर गेला, मूल नव्हतं; याहून जास्त मला ठाऊक नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "माणसाचं काय इचारता, शेळ्यांचं इचारा."

शेळ्या चाळीसेक. सातही घरांच्या शेळ्या एकाच कळपात आणि कळप तिच्या हुकमात. प्रत्येकीला नाव होतं. कळपाच्या पुढे चालणारी, कुणी वाट अडवली तर थांबून त्याच्याकडे बघणारी ती पाटलीण. एकेका बांधावर तोंड घालून येणारी ती तलाठीण. सगळ्यांच्या मागून येऊन सगळ्यांच्या आधी चारा गाठणारा एक बोकड होता, त्याचं नाव तिने माझ्यासमोर कधी घेतलं नाही. धोंडिराम म्हणाला, "डाक्टर, त्येचं नाव तुमच्या खात्यावरनंच हाय." मी पुढे चौकशी केली नाही.

हा धोंडिराम शेजारच्या घरचा, आक्कापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. टेंबावर त्याची जमीन सगळ्यांत वाईट. तशी सगळ्यांचीच वाईट होती: लाल, मुरमाड, वरचा थर दर पावसाळ्यात धुऊन जाणारा. काहिलीतून खताची पोती आणायची म्हटलं तर एका फेरीला एक पोतं आणि एक माणूस. दोन पोती घातली तर माणसाने पोहायचं. तिथे नाचणी आणि वरी पिकायची ती शेळ्यांच्या जिवावर. सुगी झाली की कळप रोज रात्री एकेकाच्या शेतात बसवायचा. शेळ्यांनी रात्रभर रवंथ करायचं, लेंड्या टाकायच्या, सकाळी उठून पुढच्या शेताकडे जायचं. कुणाच्या शेतात किती रात्री बसवायच्या याला त्यांच्याकडे 'बसवणी' म्हणत, आणि ती पाळी आक्का ठरवायची. टेंबावर ग्रामपंचायत नव्हती. बसवणी होती, आणि तिच्यावर अपील नव्हतं.

धोंडिरामच्या घरच्यांनी एके काळी आक्काच्या घरच्यांना सावलीत उभं केलं नव्हतं. हे मला तिनेच सांगितलं, शेळीच्या दुधाचा चहा देता देता, धोंडिराम समोर बसलेला असताना. "आमच्या हातचं पानी चालत न्हवतं ह्यांच्यात. आमच्या शेळीची लेंडी चालायची."

धोंडिराम चहा पीत म्हणाला, "आता पितो न्हवं, आक्का?"

"आता काय, कपात दूध माझं, साखर माझी. न पिऊन जाशील कुठं? चारी बाजूला पानी."

आणि तरीही दर सुगीला पहिली बसवणी धोंडिरामच्या शेतात व्हायची. मी कारण विचारलं. मला वाटलं, क्षमा वगैरे काही ऐकायला मिळेल. ती म्हणाली, "त्येची जमीन उताराला हाय. ततली माती गेली की खालच्या तिघांची जाती. त्येच्यावर कुटं उपकार?" ही बाई चांगुलपणाचं श्रेय घ्यायला कायम नकार द्यायची. आमच्या खात्यात अशी माणसं क्वचित असतात.

आता एकवीस दिवसांचं. बाहेरची शेळी टेंबावर आणायची तर आधी पाण्याअलीकडे, जांभळीच्या झाडाखाली एकवीस दिवस बांधायची. तिचा पाला, पाणी, सगळं तिथे. तिला हात लावलेल्या माणसाने टेंबावरच्या शेळीला हात लावायचा नाही. हा नियम आक्काच्या आईचा. तिच्या लहानपणी आईने बाजारातून आणलेली एक शेळी थेट कळपात सोडली होती आणि पंधरा दिवसांत दावणी रिकाम्या झाल्या. "आई मरताना दोनच गोष्टी सांगितली," आक्का म्हणायची, "एक ही. दुसरी सांगायच्या आदी गेली."

मी असताना तिचा सख्खा भाऊ गडहिंग्लजच्या बाजारातून बहिणीसाठी एक दुभती शेळी घेऊन आला. दोन एसट्या बदलून, शेळी टपावर चढवून. आक्काने ती जांभळीखाली बांधायला लावली. भाऊ तापला.

"अगं, तुझ्या भावाची शेळी हाय ही. सरकारची न्हवं!"

"म्हनून तर एकवीस दिस. सरकारची असती तर म्हयनाभर ठेवलो असतो."

भाऊ न जेवता परत गेला. आक्काने एकवीस दिवस रोज अलीकडे येऊन शेळीला हात न लावता पाला घातला आणि जाताना प्रत्येक वेळी लुगड्याच्या ओच्यापासून टाचेपर्यंत स्वतःला चुन्याच्या पाण्याने धुतलं. तिच्या पायांची कातडी त्यामुळे कायमची फाटलेली असे. शेळीला काही झालं नाही. भाऊ वर्षभर बोलला नाही.

तर वाटप. सुधारित जातीच्या बारा शेळ्या दूरच्या बाजारातून टेंपोने आल्या. प्रत्येकीच्या गळ्यात झेंडूचा हार. पाण्याच्या अलीकडे प्रमुख पाहुण्यांसाठी मोटरबोट होती, शेळ्यांसाठी काहील. आक्का काठावर येऊन थांबली होती.

"साह्यब, शेळ्या हिकडंच ऱ्हाऊ द्यात. जांभळीखाली बांधतो. पाला मी आणून घालतो. एकवीस दिसांनी न्हेतो."

साहेब म्हणाले, "आजी, पाहुण्यांना बेटावर फोटो घ्यायचाय."

"मग पावण्यांनी जावा की फोटूला. शेळ्या कशाला?"

"शेळी वाटपाचा फोटो आहे, आजी."

तिने माझ्याकडे पाहिलं. "डाक्टर, तुमी सांगा की ह्यास्नी."

माझ्या हातात त्या शेळ्यांचा फॉर्म होता. त्यात एक रकाना होता: 'विलगीकरण – एकवीस दिवस पूर्ण – होय / नाही'. तिच्या अडाणी आईचा नियम आणि आमच्या छापील फॉर्मचा नियम एकच होता. फरक एवढाच, की तिने तो पाळला होता आणि मी त्या सकाळी टेंपोच्या बॉनेटवर कागद ठेवून 'नाही'वर काट मारून 'होय' ठेवलं होतं. वाटपाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरली होती. शेळ्या आदल्या दिवशी खरेदी झाल्या होत्या.

मी म्हणालो, "आक्का, तपासलेल्या आहेत."

तपासलेल्या होत्या. म्हणजे मी त्यांच्याकडे पाहिलं होतं.

टेंबावरची माणसंही तिच्या बाजूने नव्हती. बारा शेळ्या, त्याही दांडग्या, फुकट. धोंडिराम म्हणाला, "आक्का, दारात आलेली लक्षुमी अडवू नगंस." ती एकटी पडली. मग तिने अट घातली: नव्या शेळ्या मांडवाबाहेर पाऊल टाकणार नाहीत, फोटो झाला की सगळ्या परत अलीकडे. साहेबांनी लगेच कबूल केलं. ते अटी नेहमीच लगेच कबूल करत. तिने आपला कळप पलीकडच्या उतारावर नेऊन काटेरी कुंपणात घातला आणि मगच दुसऱ्या रांगेत येऊन बसली.

भाषण झालं. पाहुण्यांनी एका शेळीची दोरी हातात घेतली, दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूने पाटलीण आली. कुंपण तिने कसं ओलांडलं कोण जाणे. कदाचित झेंडूचा वास आला असेल. ती सरळ पुढे गेली आणि नव्या शेळीच्या गळ्यातला हार खाऊ लागली. नाकाला नाक लावून, सावकाश, एकेक फूल. मांडव हसून लोटपोट झाला. पाहुणे हसले. फोटोग्राफर म्हणाला, "एक मिनिट, एक मिनिट, परत खाऊ द्या." कुणी तरी दुसऱ्या शेळीचा हार पुढे केला. पाटलिणीने तोही खाल्ला.

हसली नाही ती एक हौसाक्का. ती उठली, पाटलिणीच्या शिंगाला धरून तिला बाहेर ओढलं, आणि मला वाटलं आता शिव्या देणार. पण पाटलिणीला कळपात न नेता तिने आपल्या परड्यात वेगळी बांधली. त्या शेळीने त्या दिवशी पहिल्यांदा मार खाल्ला.

उशीर झालेला होता. सहाव्या दिवशी पाटलीण उठली नाही. आणि त्याआधीच ती परड्यातून ओरडत असताना तिच्या कुंपणाला कळपातल्या अर्ध्या शेळ्या तोंड लावून गेल्या होत्या. आपली पुढारीण दिसेना म्हणून. आठव्या दिवशी मी पोचलो तेव्हा नाकातून पाणी, डोळ्यांना चिपडं, तोंडात फोड आणि हगवण. अलीकडे जांभळीखाली परत नेलेल्या नव्या शेळ्यांतल्या पाच तोवर मेल्या होत्या. हा रोग मला पुस्तकातून ठाऊक होता. त्याची लसही असते, पण टेंबावर तो कधीच नव्हता म्हणून त्याची लस टेंबावर कधी दिली नव्हती. तो कधीच का नव्हता, हे आमच्या पुस्तकात नव्हतं.

मी रोज जाऊ लागलो. सलाईन लावायचं, तोंड धुवायचं, इंजेक्शन द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तीच शेळी खड्ड्याजवळ पाहायची. खड्डे धोंडिराम खणायचा. धरणाचं पाणी खालची गावं पितात म्हणून आक्काने एकही जनावर पाण्यात टाकू दिलं नाही. टेंबाच्या माथ्यावर कमरेएवढा खड्डा, चुना, माती, वर दगड. धोंडिरामच्या तळहाताला फोड आले. तो एकदा म्हणाला, "आक्का, मीच म्हणलोतो लक्षुमी."

"खन," ती म्हणाली.

पाण्याअलीकडच्या काठावर दोन दलाल येऊन थांबले. बातमी त्यांना आमच्या आधी कळते. त्यांनी हाक मारली, "मावशी, उभ्या हायत तवर द्या! उद्याच्या बाजारात काढतो!"

सात घरांतल्या बायका तिच्याकडे पाहू लागल्या. काहीतरी हाती लागलं असतं. ती काठावर गेली आणि ओरडली, "दुसऱ्याच्या दारात मराय पाठवू व्हय रं? मरू देत हितंच, घरच्यात."

चाळीसेक शेळ्यांतल्या तीन वाचल्या, बाहेरच्या बारांतली एकही नाही. त्यांत तलाठीण होती.

सगळं संपल्यावर आक्का माझ्याजवळ आली. आवाज नेहमीचाच, मोठा आणि सपाट. "डाक्टर, कागद करशीला न्हवं? त्यात खरं लिव्हा. पावण्या शेळीनं आणला म्हणून लिव्हा. मला भरपाई मिळू न्हाय तर न मिळू. पर ह्येच्या म्होरं कुटल्या गावाला वाटशीला, तवा ह्ये वाचून एकवीस दिस थांबतीला."

तिला एवढंच हवं होतं. मी हो म्हणालो.

साहेबांनी माझा पहिला कागद वाचला, घडी घालून मला परत दिला आणि विचारलं, "फॉर्मवर सही कुणाची आहे?" सही माझीच होती. दुसऱ्या कागदात मी लिहिलं: 'हवामानातील अचानक बदलामुळे मरतुक.' माझी भाषा चांगली आहे असं साहेब नेहमी म्हणत. वाटप पुढच्या गावांत ठरल्याप्रमाणे झालं. तिथल्या शेळ्यांचं काय झालं ते मी ऐकलं; विचारलं नाही.

आक्काने मला पुढच्या खेपेला विचारलं, "लिव्हलासा?"

"लिहिलं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

चार महिन्यांनी तिला कार्यालयाचं पत्र आलं. हवामानामुळे झालेल्या मरतुकीला भरपाई देय नाही. ती चौथी शिकलेली होती. तिने ते मला वाचायला दिलं नाही, स्वतःच वाचून दाखवलं, एकेका अक्षरावर बोट ठेवून. मग घडी घालून म्हणाली, "हवा बदलली व्हय? आमाला कळली बी न्हाय बगा."

त्यानंतर ती मला 'डाक्टर' म्हणाली नाही. परत 'पावणं' म्हणू लागली. चहा मात्र दिला.

तीन शेळ्यांची बसवणी किती पुरणार? पुढच्या दोन पावसाळ्यांत उताराची माती खाली गेली आणि खालच्या तिघांचीही गेली, आक्काने सांगितलं होतं त्याच क्रमाने. सातांतली चार घरं कुलपं लावून निघून गेली, कुणी राधानगरीत, कुणी कोल्हापुरात हॉटेलात भांडी घासायला. त्यांतली काही आता कोल्हापूरच्या शाहूपुरीत कुठे तरी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहत असतील. मी शोधलं नाही. धोंडिराम राहिला. आक्काला बाहेरच्या शेळ्या घ्यायच्या होत्या, पण तिने दोन वर्षं थांबायचं ठरवलं होतं. "खड्डे ताजे हायत," एवढंच म्हणाली.

मी निवृत्त झालो. सत्कारात मला शाल, श्रीफळ आणि एक मोठं छायाचित्र मिळालं: मांडव, हसणारे पाहुणे, आणि मधोमध हार खाणारी पाटलीण. खाली छापलं होतं, 'आदर्श शेळीपालन बेट'. ते मी कपाटामागे ठेवलं. माझा पहिला कागद, घडी घातलेला, तोही तिथेच होता. एके दिवशी तो खिशात घालून मी टेंबाकडे निघालो. काय म्हणायचं ते एसटीत मनाशी जुळवत होतो. मला वाक्यं जुळवता येतात हे सांगून झालंच आहे.

जांभळीखाली दोन पाटी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या, बांधलेल्या होत्या. आक्का त्यांना पाला घालत होती, अंगाने अर्धी झालेली, पाय तसेच फाटलेले. मी दहा-बारा हातांवर असताना तिने हात वर केला.

"पावणं, आज कंच्या गोठ्यातनं आलासा?"

'घरातून' म्हणता आलं असतं. पण वाटेत राधानगरीत उतरून मी भाच्याच्या गोठ्यात त्याची आजारी शेळी बघून आलो होतो. सवय जात नाही.

"भाच्याच्या गोठ्यात गेलतो," मी म्हणालो. "शेळी आजारी हाय त्याची."

तिने माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं.

"खरं सांगितलासा," ती म्हणाली. "मग आता एकवीस दिस. त्येच्यानंतर या. काय बोलायचं ते तवा बोला."

मी मागे फिरलो. एकवीस दिवस कुठल्याही गोठ्यात गेलो नाही, बूट उन्हात ठेवले, कपडे उकळून घेतले. बायको म्हणाली, आळंदीला निघालात की काय. वाक्यं पुन्हा जुळवली, मग बरीचशी काढून टाकली. शेवटी दोनच उरली.

बाविसाव्या दिवशी मी जांभळीखाली पोचलो. दावी सोडलेली होती, खुंटे उपटलेले. पाटी पलीकडे गेल्या होत्या. समोर टेंबावर, धोंडिरामच्या उताराला, पाच ठिपके हलत होते आणि त्यांच्या मागे एक सहावा, कमरेत वाकलेला. मी हाक मारली. वारा माझ्या विरुद्ध होता. पुन्हा मारली. सहावा ठिपका थांबला, मग शेळ्यांबरोबर उताराच्या पलीकडे उतरला.

काहील एकच आहे आणि ती पलीकडच्या काठाला बांधलेली होती. राधानगरीची शेवटची एसटी सव्वापाचला असते. ती मला मिळाली.